आधी बारीक, मग जाड

"आधी हात ऐक, मग वाद्य बघ." वाद्यदुरुस्तीला बसलं की मावशींचे वडील हमखास बजावायचे. मावशींनी आज हात ऐकला होता. तरी घात झाला होता.

एक वाजता त्या आतल्या खोलीतून दुकानात आल्या आणि जागीच थांबल्या. मधली खुंटी रिकामी होती. सकाळी तिथे चिमणीचा बेस टांगला होता.

रोज बारा ते एक त्यांचं मौन. बत्तीस वर्षांत एकदाही मोडलं नव्हतं. त्या वेळात दुकान उघडंच असे. ओळखीची गिऱ्हाइकं येत, आपलं वाद्य उचलत, दाराजवळच्या पाटीवर नाव लिहून जात. आज पाटी कोरी होती.

तेवढ्यात दारात चिमणी आली. अंगाने काडी, म्हणून हे नाव. बेस गिटार मात्र अशी वाजवायची की भिंती थरथराव्यात.

"झाला का हो मावशी? सहाला हॉलवर वाजवायचंय."

"मघाशी तूच नेलास ना?"

"मी? मी आत्ता येतेय!"

चिमणी मटकन स्टुलावर बसली. सहा महिने तिने तो बेस शोधला होता. साधा नव्हे, आठ तारांचा: चार जाड तारा आणि प्रत्येकीला चिकटून एक बारीक, एक सप्तक वरची. एकटा वाजवला तरी दोन वाद्यं वाजल्यासारखी वाटतात. दुकानातल्या नव्याचा भाव ऐकून ती पाणीही न पिता परतली होती. शेवटी भंगारशेठच्या जाहिरातीत फोटो दिसला. मान धनुष्यासारखी वाकलेली, म्हणून स्वस्त. मान मावशींनी सरळ केली होती.

"आज वाजवलं नाही, तर हॉलवाले पुन्हा बोलावणार नाहीत," चिमणी म्हणाली. मग उठली. "पण मी जाणार. चार तारांचा जुना घेऊन जाईन. हसू देत."

"जाशील. आधी मला, बेस इथे आहे हे माहीत असलेल्या तिघांशी बोलू दे."

मावशींनी भंगारशेठला फोन लावला. परवाच तो बेस परत मागत होता. दुसरं कुणी जास्त देत होतं म्हणे.

"बारा ते एक कुठे होतात?"

"गोदामात, पंख्यांचा ढीग उपसत. मावशी, मी भाव पाडतो, कुलपं तोडत नाही!"

मागून हमाल खिदळल्याचं ऐकू आलं.

बडव्या स्वतःच आला. हा चिमणीचा ड्रमवाला.

"मी साडेबाराला ड्रमचं पेडल न्यायला आलो होतो. खुंटी तेव्हाच रिकामी होती."

"पाटीवर नाव का नाही लिहिलंस?"

"पेडल नेलंच नाही ना! ते कुठे ठेवलंय विचारावं, तर तुमचं मौन. ढोल बडवला असता तरी तुम्ही बोलला नसता."

"आत येताना वाटेत कोण भेटलं?"

"कुणी नाही."

तिसरे आले ते सर. चिमणीला बेस शिकवलेले, आणि कालपरवापर्यंत तिच्या कार्यक्रमात गिटार धरणारे. वर्षभर त्यांचं एकच पालुपद: मी नसलो तर तुझं वाजवणं पोकळ. त्यावरच चिमणीने हा बेस शोधून काढला होता.

"ऐकलं ते खरं?" सरांनी हळहळून विचारलं. "बिचारी."

"बिचारी नका म्हणू," चिमणी म्हणाली.

मावशींनी खुर्ची पुढे केली. "सर, तुम्ही पाहिला होतात तो बेस?"

"जाहिरातीतल्या फोटोत. इथे यायला सवड कुठे मला?"

"कसा वाटला?"

"खरं सांगू? तिच्यासाठी नाहीच तो. ती बोटांनी वाजवते. बोट ओढलं की आधी बारीक तार किणकिणणार, जाड मागून येणार. बेस कसला, डास!"

मावशी चिमणीकडे वळल्या. "चिमणे, तो फोटो काढ गं."

फोटो त्यांनी सरांपुढे धरला. "बोटांनी वाजवणारा तार वर ओढतो. म्हणजे जोडीतली खालची तार आधी लागते. यात खालची कुठली?"

सर बघतच राहिले. "जाड."

"जाडच. बारीक तारा वर आहेत. आज सकाळी मी मानेच्या टोकाची, तारा बसवायची हाडाची पट्टी नवी कापली आणि जोड्या उलट्या लावल्या. बारीक खाली, जाड वर. गिटारची जागा भरायची, तर बारीक तार आधी बोलायला हवी. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. चिमणीलाही नाही. तुम्हाला कसं कळलं?"

सरांनी रुमाल काढला, पण घाम पुसला नाही.

"मौनात असताना मी एक झंकार ऐकला," मावशी हळू आवाजात म्हणाल्या. "आधी बारीक, मग जाड. म्हणजे बोटांनी ओढलेला. बडव्या अंगठा वरून खाली मारतो, त्याची जाड आधी वाजली असती; शेठला तार धरताही येत नाही. मला वाटलं, चिमणीच आली. हुबेहूब तिचा हात. म्हणून उठले नाही. आणि तिला हा हात दिला कुणी?"

"सर?" चिमणी त्यांच्यासमोर आली.

"मोडला नाही मी," सर पुटपुटले. "माझ्या क्लासच्या कपाटात आहे. फक्त आजचा दिवस... आणि हॉलवाल्यांना कळवलं, की तू येणार नाहीस. तुला माझी गरजच उरली नसती गं."

"शिकवलंत कशाला मग?" चिमणीने हात पुढे केला. "किल्ली."

त्यांनी दिली.

"बेस मी आणते. माझं नाव तुम्ही खोडलंत, तुम्हीच लिहायचं. फोनवर नाही, समोर उभं राहून. ती येतेय, आणि माझ्याशिवाय येतेय, असं सांगायचं."

"सगळ्यांसमोर?"

"शब्द द्या."

सरांनी मावशींकडे पाहिलं. मावशी बोलल्या नाहीत. आता मौन नव्हतं, तरीही.

"दिला," सर म्हणाले.

चिमणी बडव्याला घेऊन क्लासकडे पळाली. सर पायरीवर जरा वेळ उभे राहिले. डावीकडे त्यांचं घर होतं. त्यांनी शर्टाची कॉलर सारखी केली आणि मान खाली घालून उजवीकडे, हॉलच्या रस्त्याला लागले.