अंगठीचे दोन ठोके

भुताखेतांवर माझा विश्वास आहे का, असं विचारू नका. त्या दुपारी मी जे ऐकलं तेवढं सांगतो. दार मात्र लावून घ्या.

मोठमोठ्या रॉक बँडच्या गाण्यांत जी गिटार ऐकून तुम्ही माना डोलावता, ती पुष्कळदा माझ्यासारख्या भाडोत्री माणसाने वाजवलेली असते. पोस्टरवर ते, स्टुडिओतल्या खुर्चीवर आम्ही. बावीस वर्षं मी हेच केलं, आणि मजेत केलं. मग डाव्या हाताचं अंगठीचं बोट गाडीच्या दारात चेंगरलं. अंगठी कापून काढावी लागली. जखम भरली, पण बोटात जीव काही आला नाही. सहा महिने मी कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. आमच्या धंद्यात 'त्याचा हात गेला' अशी कुजबुज झाली की फोन वाजायचे थांबतात, आणि मला दुसरं काही येत नाही.

अशात बाईंचा फोन आला. बाई म्हणजे एका गाजलेल्या बँडची गायिका, माझी जुनी ओळख. तिचा धाकटा भाऊ त्याच बँडमध्ये गिटार वाजवायचा. तो वर्षापूर्वी गेला, आणि शेवटच्या गाण्यातला त्याचा सोलो, म्हणजे एकट्या गिटारचा तुकडा, तेवढा राहून गेला.

"तुम्हीच वाजवा, दादा," ती म्हणाली. "परक्या कुणाला त्याच्या जागी बसवायला मन होत नाही."

नाही म्हणायला हवं होतं. मी हो म्हणालो.

स्टुडिओला खिडकी नव्हती. दुपारचे तीन वाजले होते, पण आत वेळ कळत नव्हती. जुन्या गालिच्याचा कुबट वास येत होता. कोपऱ्यात धाकट्याचं स्टूल तसंच होतं.

"त्याची एक खोड होती," रेकॉर्डिस्ट म्हणाला. तो माझा जुना दोस्त. "वाजवून झालं की अंगठीने गिटारवर दोन ठोके द्यायचा. टक, टक. म्हणजे झालं, पुढे चला. दर वेळी ते कापता कापता माझ्या नाकी नऊ यायचे."

मी हसलो. लक्ष सगळं बोटाकडे होतं. तो काचेपलीकडे बाईंशेजारी जाऊन बसला, लाल दिवा लागला आणि हेडफोनमध्ये गाणं सुरू झालं. सोलोच्या मध्यावर एक तार त्याच बोटाने ओढून सूर चढवायचा होता. बोट ठेवलं. काहीच जाणवलं नाही... मी डोळे मिटले. आता अब्रू जाणार, असं वाटलं. मानेमागे कुणीतरी हलकेच श्वास सोडला... आणि सूर चढला. सरळ, स्वच्छ.

पहिल्याच टेकमध्ये काम झालं. बाई डोळे पुसत म्हणाली, "अगदी त्याच्यासारखं!" मी मनातल्या मनात हुश्श केलं. खरं सांगतो, मलाही रडू आलं.

गिटार पेटीत ठेवण्याआधी एकदा सगळ्या तारा छेडायची मला सवय आहे. स्पीकरवर गाणं चालूच होतं. छेडल्या, आणि दाताखाली खडा यावा तसं झालं. गाणं एकीकडे, गिटार भलतीकडे.

तेव्हा ध्यानात आलं. ह्या बँडची सगळी गाणी अर्धा स्वर खाली असतात. वाजवण्याआधी सहाही तारा तेवढ्या सैल कराव्या लागतात. बोटाच्या काळजीत मी ते साफ विसरलो होतो. म्हणजे मी वाजवलेला प्रत्येक सूर बेसूर लागायला हवा होता.

"फक्त गिटार ऐकव," मी दोस्ताला म्हणालो.

त्याने बाकी सगळं बंद केलं. सोलो सुरात होता. शेवटचा सूर विरत गेला... आणि मग...

टक. टक.

त्याने माझ्या हातांकडे पाहिलं. अंगठी नव्हती.

"कापू?" त्याने हळूच विचारलं.

"नको... बाईंना ऐकू दे."

पंधरा दिवसांनी दुसऱ्या एका बँडचं काम आलं. या वेळी मी तारा तीनदा तपासल्या. सोलो आला, बोट ठेवलं, आणि तार बोटाला चक्क बोचली! इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता. संपल्यावर फक्त गिटार ऐकायला मागितली. शेवटी नुसती शांतता होती. शीळ घालतच घरी आलो.

हातपाय धुऊन येतो तो बायको पेटीतून गिटार काढून पुसत होती. तिला मी काहीच सांगितलं नव्हतं.

"अहो, जरा जपून वाजवत जा," ती म्हणाली. "गेल्या वेळी पुढच्या लाकडावर दोनच टोचे पडले होते. आज चार झालेत."

मी आधी बोट दाताखाली धरून पाहिलं. दुखलं. कसं हायसं वाटलं म्हणून सांगू! मग तेच बोट त्या टोच्यांवरून फिरवलं. पहिले दोन गार होते. नवे दोन अजून कोमट होते.