नजरेची उंची

एकाच माणसाचे सगळे सिनेमे ओळीने बघणं ही शिक्षा आहे, आणि तो माणूस आपला नवरा असला तर ती सक्तमजुरी. हे वाक्य संकलिका चहाच्या वेळी सगळ्यांना ऐकवायची आणि पुन्हा जाऊन स्क्रीनपुढे बसायची. कुठल्याशा महोत्सवात तिच्या दिग्दर्शक नवऱ्याचे सगळे सिनेमे दाखवायचे होते. त्यांच्या नव्या प्रती निघाल्या होत्या आणि त्या तपासायचं काम तिच्या गळ्यात पडलं होतं. सिनेमे तिनेच कापले-जोडले होते, आता त्यांच्यातले दोष काढायलाही तिलाच बसवलं होतं. युनिटमध्ये तिला कात्रीबाई म्हणत, तेही तोंडावर.

बोळाच्या पलीकडे, त्याच स्टुडिओत, नव्या सिनेमाचं शूटिंग चालू होतं. 'हा शेवटचा,' असं दिग्दर्शक सांगत होता. मागच्या वेळीही त्याने हेच सांगितलं होतं, पण या वेळी कुणी हसलं नाही. दोन शॉटच्या मध्ये तो भिंतीला टेकून उभ्या उभ्या डोळे मिटायचा.

त्याचा पहिला सिनेमा गाजला तो कॅमेऱ्याच्या जागेमुळे. कॅमेरा खाली होता. माणसं उंच, दारं त्याहून उंच, आणि जेवणाचं टेबल तर चक्क खालून दिसत होतं, फळीला मारलेल्या खिळ्यांसकट. 'जमिनीवर बसलेल्या मुलाची नजर' असं एका समीक्षकाने लिहिलं आणि ते त्याला कायमचं चिकटलं. मुलाखतींत तो सांगायचा, मोठ्यांची नजर सराईत होते, तिला काही नवं दिसत नाही. ऐकणाऱ्यांना पटायचं. बायकोला मात्र आतली गोष्ट ठाऊक होती. तो कॅमेऱ्याला डोळा लावायचा, 'अजून खाली, अजून जरासा' म्हणायचा, आणि एका ठिकाणी गप्प व्हायचा. तिथेच का, हे त्यालाही सांगता यायचं नाही.

टेबल त्यांच्या घरचं होतं. तेव्हा पैशांची चणचण होती, म्हणून उचलून सेटवर आणलं. सिनेमा चालला आणि मग त्या टेबलाशिवाय त्याचं पान हलेना. प्रत्येक सिनेमात ते येतं. शूटिंगच्या दिवसांत घरी दोघं ओट्याशी उभं राहून जेवतात.

पहिल्या सिनेमाच्या आदल्या वर्षी त्यांना मुलगी झाली होती आणि त्याच दिवशी गेली होती. संकलिका शुद्धीवर आली तेव्हा सगळं आटोपलं होतं. मुलीला त्याने पाहिलं, हिने नाही. कशी होती, असं तिने एकदाच विचारलं. 'डोळे उघडे होते,' एवढंच तो म्हणाला. पुढे दोघांनीही तो विषय काढला नाही.

आता सिनेमे ओळीने बघताना तिसऱ्या दिवशी तिचा हात थांबला. पहिल्यात टेबलाचे खिळे दिसत होते. दुसऱ्यात टेबलाची कड बरोबर डोळ्यांपुढे आली होती. त्यानंतरच्यात कपांच्या कडा दिसायला लागल्या, मग कपातला चहा, मग गरम भांड्याने फळीवर उमटलेला गोल डाग. अलीकडच्यात तर जेवायला बसलेल्यांच्या डोक्यातले भांगही दिसत होते. 'दिग्दर्शकाची दृष्टी उंचावली' असं लोकांनी कौतुकाने लिहिलं होतं. पण टेबल तेच होतं. टेबल काही वाढत नाही.

तिने लंबूला बोलावलं. लंबू म्हणजे कॅमेरामन, पहिल्यापासून सोबत असलेला, ताडमाड उंच.

"सरांची स्टाइल म्हणजे माझ्या कमरेची वाट, मॅडम," तो बसता बसता म्हणाला. "पण हल्ली बरं आहे हं. आता मी सरळ उभा राहतो."

"उंची कोण ठरवतं?"

"सरच. विचारलं होतं मी एकदा. म्हणाले, आता इथून दिसतं." तो हसला, पण ती हसत नाही हे पाहून थांबला. "का हो, काही चुकलं का?"

"नाही. तुझ्या त्या काळ्या फ्रेम्स नव्या सिनेमातही येतात."

"माझ्या नाहीत त्या!" तो कळवळून म्हणाला. ते जुनं भांडण होतं. दिग्दर्शकाने लावलेल्या प्रत्येक शॉटमध्ये अधूनमधून एखाद-दोन फ्रेम्स साफ काळ्या यायच्या. लंबू लॅबला शिव्या घालायचा आणि लॅबवाले कॅमेऱ्याकडे बोट दाखवायचे. संकलिका कंटाळून तेवढा तुकडा काढून टाकायची आणि कुणाला पत्ता लागायचा नाही. पुढे डिजिटल आलं, फिल्म गेली, लॅबही गेली. काळ्या फ्रेम्स राहिल्या.

लंबू गेल्यावर तिने नव्या सिनेमाचा एक न कापलेला शॉट लावला. चित्र चालू होतं, मध्येच काळं होत होतं, पुन्हा चालू होत होतं. तिचे डोळे शिणले होते. तिने पापण्या मिटल्या आणि उघडल्या. पुन्हा मिटल्या, पुन्हा उघडल्या.

समोरचं चित्रही तसंच मिटत होतं, उघडत होतं. इतकी वर्षं आपण काय कापून फेकत होतो, ते तिला कळलं.

ती उठून सेटवर गेली. शेवटच्या शॉटची तयारी चालली होती. म्हातारी आई टेबलाशी एकटी बसते, एवढंच होतं त्यात. दिग्दर्शक स्टुलावर बसून पाणी पीत होता.

"अहो," ती हळू म्हणाली, "या सगळ्या सिनेमांत मी कुठेच नाही."

"तू मागे असतेस."

"तेच म्हणते. तिने सगळ्यांना पाहिलं. मला नाही पाहिलं."

त्याने 'कोणी' असं विचारलं नाही. मुलीबद्दल तिने दुसऱ्यांदाच तोंड उघडलं होतं. पेला खाली ठेवला. "कधी कळलं?"

"आज. तुम्हाला?"

"मला कुठे काय कळलंय गं," तो म्हणाला. "मी फक्त वाकत आलो."

"आणि हा शेवटचा म्हणता. मग ती बघणार कुठून?"

म्हातारीचं काम करणाऱ्या बाईंना त्याने विश्रांती घ्यायला पाठवलं आणि कुणालाही काही न सांगता बायकोसाठी खुर्ची ओढली. लंबूने कॅमेरा उभ्या माणसाच्या उंचीवर लावला, स्टँडचे स्क्रू घट्ट आवळले आणि कमरेवर हात ठेवून बाजूला झाला.

हातांचं काय करायचं ते तिला कळेना. शेवटी तिने ते टेबलावर, त्या गोल डागाशेजारी ठेवले. कॅमेऱ्यात बघणाऱ्या नटांचे शॉट तिने आयुष्यभर केरात टाकले होते. तिने मान वर केली आणि सरळ कॅमेऱ्यात पाहिलं.

दिग्दर्शक 'कट' म्हणाला नाही. त्याने नुसता हात वर केला.

तिघांनी मिळून शॉट पाहिला.

आधी ती वरून दिसत होती, पांढऱ्या भांगासकट. मग चित्र खाली येऊ लागलं. धक्का नाही, घाई नाही. समोरच्या खुर्चीवर कुणी बसावं तसं ते खाली आलं आणि तिच्या डोळ्यांसमोर येऊन थांबलं.

"मी हात लावला नाही, मॅडम," लंबू म्हणाला. "आईशप्पथ."

ती एकेक फ्रेम पुढे सरकवत होती. काळी फ्रेम शोधत होती. सुरुवातीपासून शेवटपर्यंत गेली, पुन्हा मागे आली.

एकही नव्हती. पूर्ण शॉटभर एकही नाही.

तिला रडू आलं. नवऱ्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तसाच ठेवला.

थोड्या वेळाने तो सेटवर परतला आणि सवयीने कॅमेऱ्याला डोळा लावला. कॅमेरा वर करून पाहिला, खाली करून पाहिला. मग सरळ झाला.

"उतरवा," तो लंबूला म्हणाला. "इथून आता काही दिसत नाही."

टेबल घरी आलं. पुष्कळ दिवसांनी दोघं बसून जेवली आणि आवराआवर न करता तशीच बसून राहिली. बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि त्याचं दोघांनाही बरं वाटत होतं. समोरची खुर्ची जराशी मागे सरकलेली होती. ती आत ढकलावी असं कुणालाच वाटलं नाही.

एकाएकी सगळी खोली काळी झाली आणि लगेच पहिल्यासारखी झाली. एखाद-दोन फ्रेम्स जातील, तेवढाच वेळ.

"लाइट गेले वाटतं," तो म्हणाला.

तिने खिडकीकडे पाहिलं. भर दुपार होती. घरात एकही दिवा लावलेला नव्हता.