थांबलेल्या सायकलवरून

टक्कर झालीच नव्हती, मग डॉ. स्वप्नील भोयर पडले कसे? वर्धा शहराच्या रस्त्यांवर नजर ठेवणारी यंत्रणा त्या रविवारबद्दल एवढंच सांगत होती: जवळ एकही वाहन नव्हतं, सायकलचा वेग शून्य होता आणि टक्कर झालेली नव्हती. तरीही डॉ. भोयरांच्या आयुष्यातला तो अख्खा दिवस हरवला, तो आजपर्यंत सापडलेला नाही.

विशेष म्हणजे ही यंत्रणा स्वतः डॉ. भोयरांनीच घडवली होती. ते औषधं देणारे डॉक्टर नव्हते, वाहतुकीचे शास्त्रज्ञ होते. त्यांच्या कामामुळे वर्ध्यात मोटार, ट्रक, ऑटो असं काहीच माणसाला हाताने चालवावं लागत नव्हतं. वाहनं आपापली चालत आणि रेडिओ लहरींमधून एकमेकांशी बोलत. प्रत्येक सायकलला शर्टाच्या गुंडीएवढी एक खूणचकती (आपण कुठे आहोत हे सतत कळवणारं छोटं यंत्र) लावलेली असे. सायकल दिसण्याआधीच वाहनांना तिची चाहूल लागे आणि ती आपोआप हळू होऊन लांबून जात. त्यामुळे कित्येक वर्षांत शहरात एकाही सायकलस्वाराला धडक बसली नव्हती. शाळेतली मुलं, दुकानदार, आज्या, सगळे बिनधास्त सायकलवरून फिरत.

मागच्या उन्हाळ्यात नगर परिषदेपुढे एक प्रस्ताव आला होता, की सायकल चालवणाऱ्यांना हेल्मेटची सक्ती करावी. डॉ. भोयरांनी सभेत उभं राहून त्याला विरोध केला. धडक बसण्याची भीतीच उरली नसेल, तर विदर्भाच्या उन्हात लोकांनी डोकी कशाला उकडून घ्यायची, असं त्यांनी विचारलं. सक्ती केली तर कंटाळून माणसं सायकल सोडून देतील, असंही ते म्हणाले. प्रस्ताव बारगळला. त्यांची नात ऋजुता तेव्हा सभागृहात होती आणि आपल्या आबाजींचा तिला फार अभिमान वाटला होता.

त्या रविवारी दोघं आपापल्या सायकलवरून सेवाग्रामच्या रस्त्याला झणझणीत रस्सा घातलेले तर्रीपोहे खायला निघाले. टपरी आली तसा आबाजींनी ब्रेक लावला. सायकल थांबली. त्यांनी डावा पाय खाली टेकवला, पण पाय पडला तो रस्त्याकडेच्या उथळ चरात. जमीन जिथे असेल असं वाटलं होतं, तिथे ती नव्हती. सायकल कलली. दुसरा पाय दांड्यापलीकडे अडकलेला, त्यामुळे आबाजी एखादी उभी शिडी सरकावी तसे आडवे झाले. हे सगळं इतकं सावकाश झालं, की ऋजुताला हसू आलं.

मग त्यांचं डोकं टपरीसमोरच्या सिमेंटच्या फरशीवर आपटलं. तो आवाज ऐकून तिचं हसू जागच्या जागी थांबलं.

आबाजी मात्र लगेच उठून बसले. रक्ताचा थेंबही आलेला नव्हता. त्यांनी पँट झटकली, "काही नाही, काही नाही," म्हणत पोह्यांच्या दोन प्लेट मागवल्या आणि बाकावर बसले. ऋजुताचा जीव भांड्यात पडला.

पहिला घास घेतल्यावर त्यांनी विचारलं, "ऋजू, आपण कुठे चाललो होतो?"

इथेच तर यायचं होतं, असं तिने सांगितलं. "बरं," म्हणून ते हसले. थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा तेच विचारलं. तेच शब्द, तोच सूर आणि उत्तर ऐकल्यावर तेच "बरं". तिसऱ्यांदा तिला वाटलं, आबाजी आपली गंमत करताहेत. ती त्यांच्याकडे बघून हसली, पण त्यांच्या डोळ्यांत गंमत नव्हती. हातातल्या प्लेटकडे ते दुसऱ्याच कुणाची असावी तसे पाहत होते.

मग ते मागे वळून रस्त्याकडे पाहू लागले आणि म्हणाले, "तुझी आजी मागे राहिली का ग?"

आजीला जाऊन दोन वर्षं झाली होती.

  ऋजुताने टपरीवाल्या काकूंना आबाजींजवळ थांबायला सांगितलं आणि धावत जाऊन दिव्याच्या खांबावरचं मदत बोलावण्याचं लाल बटण दाबलं. काही मिनिटांत चालकाशिवाय चालणारी रुग्णवाहिका समोर येऊन उभी राहिली.

रुग्णालयात मेंदूच्या डॉक्टर मेश्राम यांनी आबाजींना तपासलं आणि त्यांच्या डोक्याची आतली चित्रं काढली. तोवर नागपूरहून ऋजुताची आई निघाली होती, पण ती पोचेपर्यंत आबाजींजवळ ऋजुताच होती. त्यांनी पुन्हा विचारलं, आजी कुठे आहे. खोटं कसं बोलायचं, असं वाटून तिने हळूच सांगितलं, "आबाजी, आजी आता नाही."

ते थक्क होऊन तिच्याकडे पाहत राहिले. "कधी?" एवढाच शब्द त्यांच्या तोंडून निघाला आणि ते रडू लागले, जणू बातमी आत्ताच कळली होती. ऋजुताने त्यांना असं रडताना कधीच पाहिलं नव्हतं. हळूहळू ते शांत झाले, त्यांनी डोळे पुसले, खिडकीबाहेर पाहिलं आणि अगदी सहज विचारलं, "तुझी आजी आली नाही का?"

या वेळी ऋजुताने डॉक्टरांकडे पाहिलं. डॉ. मेश्राम पुढे आल्या, आधी विश्रांती घ्या, मग सगळं बोलू, असं त्यांनी आबाजींना सांगितलं आणि ऋजुताला बाहेर नेलं. त्यांनी तिला समजावलं, की आबाजींच्या मेंदूला जोराचा हादरा बसला आहे. नवी गोष्ट साठवून ठेवण्याचं मेंदूचं काम सध्या थांबलंय आणि अलीकडच्या काही आठवणीही हाताला लागत नाहीयेत. बऱ्याचदा हे आपोआप पूर्ववत होतं. पण आत एका जागी थोडा रक्तस्राव झालेला दिसतोय, त्यावर लक्ष ठेवावं लागेल.

"तो वाढला तर?" ऋजुताने विचारलं.

"तर कवटी उघडून शस्त्रक्रिया करावी लागेल," त्या म्हणाल्या. त्यांनी तिच्यापासून काही लपवलं नाही.

रक्तस्राव वाढला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ऋजुता आणि तिची आई आत गेल्या, तेव्हा आबाजींनी दोघींना नावाने हाक मारली आणि आपण रुग्णालयात कसे आलो ते विचारलं. आईने सांगितलेलं त्यांनी दुपारपर्यंत लक्षात ठेवलं. आजीबद्दल त्यांनी काही विचारलं नाही, कारण ती नाही हे त्यांना आता ठाऊक होतं. पडलेलं, पोहे, रुग्णवाहिका, रडणं, यातलं मात्र काहीच आठवत नव्हतं.

त्यांनी पडद्यावर आपल्या यंत्रणेची नोंद मागवली. तिच्यात टक्कर नसल्याचं लिहिलं होतं. त्यांचा विश्वासच बसेना. मग त्यांनी खांबावरच्या कॅमेऱ्याने टिपलेलं दृश्य संथ गतीने लावलं. पडद्यावर एक म्हातारा माणूस थांबलेल्या सायकलवरून सावकाश कलत होता. आबाजींनी ते पुन्हा पाहिलं, मग आणखी एकदा. त्यांचा चेहरा उतरला.

"पण आबाजी, सायकल तर थांबली होती," ऋजुता म्हणाली. रात्रभर तिला हेच कोडं छळत होतं. "वेगच नव्हता, तर एवढं लागलं कसं?"

"सायकल थांबली होती, बेटा. डोकं थांबलेलं नव्हतं," आबाजी म्हणाले.

मग त्यांनी तिला एकेक पायरी समजावून सांगितली. सायकलवर बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून साधारण दीड मीटर उंच असतं. वस्तू पडू लागली, की गुरुत्वाकर्षण (पृथ्वीची आपल्याकडे खेचण्याची ओढ) तिचा वेग क्षणाक्षणाला वाढवत जातं. दीड मीटर खाली येईपर्यंत हा वेग ताशी वीस किलोमीटरच्या आसपास पोचतो. सायकल उभी असो की चालत असो, खाली येण्याचा हा वेग मिळतोच. सुरुवातीला पडणं सावकाश दिसतं, म्हणून बघणाऱ्याला हसू येतं. खरा वेग शेवटच्या वितीत असतो.

"आणि तो वेगसुद्धा माणसाला मारत नाही," आबाजी पुढे म्हणाले. "किती जागेत थांबतो, त्यावर सगळं ठरतं. तू क्रिकेटमध्ये जोराचा झेल घेतेस तेव्हा हात काय करतात?"

हात मागे जातात, असं ऋजुता म्हणाली. हात ताठ ठेवले तर चेंडू झोंबतो, हे तिला चांगलंच माहीत होतं.

चेंडूचा वेग दोन्ही वेळा सारखाच असतो, आबाजींनी सांगितलं. हात मागे घेतले की त्याला थांबायला जास्त जागा मिळते आणि दणका कमी होतो. वेग कमी होण्याच्या दराला मंदन म्हणतात. ते काढायची एक सोपी युक्ती आहे. जेवढ्या उंचीवरून पडलं, त्याला थांबण्याच्या अंतराने भागायचं, की ते गुरुत्वाकर्षणाच्या किती पट आहे ते कळतं. सिमेंटवर उघडं डोकं आपटलं, तर कातडी आणि हाड मिळून जेमतेम पाच मिलिमीटर दबतात. दीड मीटर म्हणजे पंधराशे मिलिमीटर. पंधराशे भागिले पाच.

"तीनशे," ऋजुता म्हणाली.

"म्हणजे त्या क्षणी माझं डोकं आपल्या वजनाच्या तीनशे पटींनी फरशीवर दाबलं गेलं."

डोक्याचं वजन साधारण पाच किलो असतं. ऋजुताने मनातल्या मनात गुणाकार केला. पंधराशे किलो, म्हणजे एक अख्खी मोटार.

हेल्मेटच्या आत थर्माकोलसारखा फेस असतो, आबाजी सांगत होते. तो आपटल्यावर चिरडतो आणि डोक्याला थांबायला साधारण पंचवीस मिलिमीटर जागा देतो. पंधराशे भागिले पंचवीस, साठ. तीनशेच्या जागी साठ. चिरडलेला फेस पुन्हा फुगत नाही, म्हणून एकदा आपटलेलं हेल्मेट बाहेरून नवं दिसलं तरी टाकून द्यावं लागतं.

रक्त न येता आत एवढं काय झालं, हेही ऋजुताला जाणून घ्यायचं होतं. ते डॉ. मेश्राम यांनी सांगितलं. मेंदू घट्ट कवडीदार दह्यासारखा मऊ असतो आणि मस्तिष्कद्रवात (मेंदूभोवतीच्या पाण्यासारख्या द्रवात) तरंगत असतो. कवटी झटक्यात थांबते, पण आतला मेंदू लगेच थांबत नाही. तो कवटीवर आदळतो, पिळला जातो. त्याचे तंतू ताणले जातात, बारीक रक्तवाहिन्या तुटतात.

"हेल्मेट असतं तर कालचा दिवस माझ्याकडे असता का?" आबाजींनी त्यांना विचारलं.

तसं खात्रीने सांगता येणार नाही, असं डॉक्टरांनी प्रामाणिकपणे सांगितलं. हेल्मेट दणका कमी करतं, नाहीसा करत नाही. पण कवटी फुटण्याची, मोठा रक्तस्राव होण्याची शक्यता त्याने बरीच घटते. मग त्या म्हणाल्या, "सर, असे पडलेले रुग्ण माझ्याकडे नेहमी येतात. त्यांत मुलं पुष्कळ असतात."

आबाजी ताडकन उठून बसले. "मग माझ्यापर्यंत हे आलं कसं नाही?"

"तुमची यंत्रणा फक्त टक्कर मोजते, सर. नुसतं पडलेलं माणूस तिला दिसतच नाही."

 आबाजी आपल्या हातांकडे पाहत बसले होते. शेवटी ते ऋजुताला म्हणाले, "मी गाड्या थांबवल्या आणि जमिनीला विसरलो. आणि तुला माझ्याबरोबर उघड्या डोक्याने फिरवत राहिलो."

बरे झाल्यावर आबाजींनी आधी यंत्रणा सुधारली. आता कुणीही सायकलवरून पडलं, की खांबाला ते कळतं आणि मदत येते. मग त्यांनी नगर परिषदेत तो बारगळलेला प्रस्ताव पुन्हा मांडायला लावला. सभेत आपण कसे पडलो ते सांगितलं, तीनशे आणि साठ हे आकडे फळ्यावर लिहिले आणि मागच्या वर्षी आपण सर्वांना अर्धंच गणित सांगितलं होतं, असं कबूल केलं. एका शिक्षिकेने उठून विचारलं, की वर्ध्याच्या मे महिन्यात हेल्मेट घालून कोण सायकल चालवेल? लोक सायकलच सोडतील, हे तुम्हीच म्हणाला होतात ना?

तो प्रश्न आजही खराच आहे, असं आबाजी म्हणाले. लोकांनी सायकल सोडली तर ते आणखी एक नुकसान. बरीच चर्चा झाली. अखेर मुलांसाठी हेल्मेट आवश्यक ठरलं. मोठ्यांवर सक्ती झाली नाही, पण प्रत्येक सायकलतळावर त्यांच्यासाठी हेल्मेटं ठेवायचं ठरलं. आणि उन्हात डोक्यावर ठेवावंसं वाटेल असं हेल्मेट तयार करण्याचं काम आबाजींनी स्वतःकडे घेतलं.

सध्या शनिवारी दुपारी ऋजुता त्यांच्या प्रयोगशाळेत असते. तिथे पाच किलोचं एक नकली डोकं आहे, त्याच्या आत मंदन मोजणारं यंत्र बसवलेलं आहे. मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या पोकळ जाळीचं नवं हेल्मेट त्याच्यावर चढवायचं, दीड मीटरवर न्यायचं आणि सोडून द्यायचं. जाळीतून वारा खेळतो, आणि आपटल्यावर तीच जाळी चिरडून थांबायला जागा देते. नकली डोकं फरशीवर आपटतं तेव्हा ऋजुता अजूनही दचकते. त्या आवाजाची तिला सवय झालेली नाही आणि होऊ नये, असं आबाजींना वाटतं.

परवाच्या शनिवारी पडद्यावर त्रेपन्न हा आकडा उमटला. आतापर्यंतचा सगळ्यांत कमी. आबाजी खूश होऊन चष्मा पुसू लागले. ऋजुताने चिरडलेली जाळी काढून हातात धरली, कुठला भाग दबला आणि कुठला तसाच राहिला ते बोटाने चाचपून पाहिलं.

"कानाच्या वरची जाळी दबलीच नाही, आबाजी. तिथे अजून जागा आहे," ती म्हणाली, आणि नवं हेल्मेट आणायला कपाटाकडे गेली.