दर मंगळवारी मरणारी बॅटरी

मंगळवारी सकाळी सहाला प्रभावतीने चावी फिरवली. कट् असा एक आवाज आला आणि डॅशबोर्डवरचे दिवे विझले.

मागच्या सीटवर तिचे यजमान, राजाराम, डोळे मिटून बसले होते. पायांवर सूज होती. सातला रत्नागिरीत डायलिसिस.

"परत?"

"परत."

हा तिसरा मंगळवार. बॅटरी अवघ्या दोन महिन्यांची. पालीच्या नाक्यावरून रिक्षा मिळेपर्यंत पाऊण तास गेला आणि चार तासांचं डायलिसिस तीन तासांत आटपावं लागलं.

"असं चालणार नाही हो," सिस्टर म्हणाल्या. "पाणी अंगातच राहतं त्यांच्या."

प्रभावतीने नुसती मान हलवली. बोलायलाही अंगात जोर लागतो.

दुपारी गॅरेजवाल्या धाकूने गाडी ढकलून आपल्या शेडमध्ये घेतली. बॅटरी चार्ज केली, मग एक वायर सोडवून मधे आपला जुना मल्टिमीटर जोडला.

"करंट शून्य, बाई. गळती नाय. बॅटरीच खराब लागली."

मीटर तसाच जोडलेला असताना तिने राजारामांची शाल काढायला मागचं दार उघडलं. शेडमध्ये काळोख होता. आतला दिवा लागला नाही. चाचपून तिने शाल शोधली.

संध्याकाळी मुंबईहून धाकट्या दिराचा, राकेशचा, घरच्या लँडलाइनवर फोन आला.

"वहिनी, दादा कसा आहे?"

"आहेत. थकलेत."

"आणि गेल्या बुधवारी चिपळूणला काय काढलंत?"

"शाळेचं काम होतं," ती म्हणाली आणि भाताला फोडणी द्यायला वळली.

प्रभावती बावीस वर्षं हायस्कूलच्या प्रयोगशाळेत परिचर होती. बुधवारी तिने नववीसाठी नेहमीचा प्रयोग मांडला. सेल, बल्ब आणि मधे करंट मोजणारा ॲमीटर. ॲमीटरची वायर निसटली आणि बल्ब विझला. ती तशीच उभी राहिली. करंट मीटरमधून जातो. मीटर बंद, तर दिवाही बंद. धाकूच्या शेडमध्ये गाडीतला दिवा लागला नव्हता.

म्हणजे धाकूचा मीटर शून्य दाखवत नव्हता. तो मेलेला होता.

शुक्रवारी, आठवड्यातल्या दुसऱ्या डायलिसिसला, गाडी चालू झाली. राजाराम मशीनवर असताना ती रत्नागिरीत इलेक्ट्रिकच्या दुकानात गेली. दुकानदाराने सगळ्यात स्वस्त मीटर पुढे केला.

"याच्या दहा अँपिअरच्या बाजूला फ्यूज आहे?"

दुकानदाराने मीटर उलटा करून वाचलं. "नाही."

"मग चुकलं तर मीटरच जळायचा. तो चिमट्यासारखा?"

"वायरीभोवती लावायचा, झालं. काही सोडवायला नको."

तिने चष्मा लावून खालची बारीक अक्षरं वाचली. "हा घरच्या विजेचाच करंट मोजतो. गाडीच्या बॅटरीचा याला दिसणार नाही. दिसणारा असेल तर मला परवडणार नाही."

शेवटी तिने मधला घेतला. साधा, पिवळा, दोन्ही बाजूंना फ्यूज असलेला. एक जादा फ्यूजही मागून घेतला.

शनिवारी शाळा सुटल्यावर तिने घरासमोरच्या खळ्यात गाडीचं दार उघडं ठेवलं आणि दाराचं कुलूप पेचकसाने दाबून बसवलं, म्हणजे गाडीला दार बंद वाटेल. मीटर जोडून, गाडीतलं सगळं शांत होईपर्यंत, अर्धा तास पायरीवर बसली. तिला तिथेच डुलकी लागली.

जागी झाली तेव्हा आकडा होता ०.३४ अँपिअर. झोपलेल्या गाडीला एवढा करंट लागत नाही.

एकेक फ्यूज काढत गेली. गाण्यांच्या प्लेअरचा फ्यूज काढताच आकडा ०.०२ वर आला. फ्यूज परत लावून तिने प्लेअरच सोडवून बाजूला ठेवला. आकडा ०.३३. म्हणजे प्लेअर नव्हे. त्याच्या वायरीला जोडून दोन बारीक वायरी आत गेल्या होत्या. टोकाला काडेपेटीएवढी काळी डबी, आत सिमकार्ड.

धाकूला तिने बोलावून घेतलं.

"हा प्लेअर तू बसवलास?"

"नाय. गणपतीत राकेशभाऊ दोन दिवस गाडी घेऊन गेलेले ना? तेव्हाच बसवून आणला. दादाला भजनं ऐकायला, म्हणाले."

"आणि तुझ्या मीटरचा फ्यूज बघितलास कधी?"

धाकूने मीटर उघडला. फ्यूज काळा पडला होता. "शप्पथ बाई, मला ठाऊक नव्हतं."

"ठाऊक आहे मला ते."

रविवारी राकेश आला. चहा झाल्यावर प्रभावतीने डबी त्याच्यासमोर ठेवली. राजाराम पडवीत खाटेवर होते.

"भावजी, ही डबी गाडी कुठे जाते ते मोबाईलवर कळवते. पण आपल्या खोऱ्यात नेटवर्क नाही, म्हणून रात्रंदिवस नेटवर्क शोधत बॅटरी पिते. मंगळवार ते शुक्रवार तीन दिवस, बॅटरी कशीबशी तगते. शुक्रवार ते मंगळवार चार दिवस, मरते. म्हणून नेहमी मंगळवारच."

"कोणीही लावली असेल ती."

"मी चिपळूणला गेले ते या घरात कोणाला माहीत नव्हतं. यांनासुद्धा नाही. तुम्हाला कसं कळलं?"

राकेशने डबी हातात घेतली. मग म्हणाला, "दादा आजारी. तुम्ही एकट्याच गाडी घेऊन फिरता. वाटलं, वकिलाकडे जाता. आंब्याच्या कलमांची बाग नावावर करून घ्याल."

"तुमच्या डबीपायी यांचं डायलिसिस तीनदा अपुरं झालं."

"वहिनी, मला खरंच..."

"कशाला गेली होतीस गो चिपळूणला?" खाटेवरून राजारामांनी विचारलं.

हे तिला असं सांगायचं नव्हतं.

"रक्त तपासायला. तुम्ही नको म्हणाला होतात, म्हणून बोलले नाही. गट जुळतो. पुढच्या तपासण्यांना कोल्हापूरला बोलावलंय. माझी एक किडनी चालेल बहुतेक."

राकेशने तोंडावर हात ठेवला. राजाराम उठून बसायला धडपडले. ती आधाराला पुढे झाली तेव्हा त्यांनी तिचं मनगट धरलं ते सोडलं नाही.

"कोल्हापूरला मी नेतो," राकेश हळूच म्हणाला. "तुम्ही मागे दादाजवळ बसा."

"बसते," प्रभावती म्हणाली. "मला झोपायचंय जरा."