बांधावरची लेक

"अक्का, एवढी सही झाली की सुटलो," सुदर्शन म्हणाला, आणि वैजयंतीच्या हातातलं पेन जागच्या जागी थबकलं...

घोडेगावच्या रजिस्टर ऑफिसात हक्कसोडीचा कागद तिच्यापुढं होता. हक्कसोड! बहिणीनं माहेरच्या मातीवर पाणी सोडायचं, भावानं साडीचोळी करायची, आणि जगानं म्हणायचं, बहीण असावी तर अशी! वडील भिमाजी आबा वारले, तेव्हा अवसरी खुर्दची रस्त्याकडेची एक पट्टी तेवढी मागं राहिली. तिथं कॉलेजच्या पोरांसाठी खोल्या बांधणारं गिऱ्हाईक सुदर्शनला मिळालं होतं, आणि त्या व्यवहारावर आळेफाट्याला स्वतःचं गॅरेज टाकायचं त्याचं स्वप्न होतं. लोकांच्या गाड्यांखाली झोपून त्याची उमर सरत आली होती. वैजयंतीला जमीन नकोच होती. तिचा जीव अडकला होता तो हातभर जागेत...

पहिलं बाळंतपण माहेरी, या रीतीनं ती आली होती. मुलगी झाली आणि दिवस मावळायच्या आत गेली. तान्ह्या जीवाला अग्नी देत नाहीत. भिमाजींनी तिला शेतात पुरलं. बाळंतिणीला कुणी तिकडं नेलं नाही, जागाही सांगितली नाही. आईला ठिकाण कळलं की तिचा जीव तिथंच घुटमळतो, असं जुनी माणसं म्हणत. न कळल्यानं काय घुटमळायचा राहतो? शेतात एकच लिंब होता. त्याच्याच सावलीत निजवली असेल, असं त्या वेड्या मायेनं ठरवून टाकलं, आणि दर भाऊबीजेला ती गुपचूप तिथं तांब्याभर पाणी घालत आली.

"सुदा, सही करते मी," ती हलकेच म्हणाली. "फक्त लिंबाखाली जपून खणायला सांग. तिथं माझी लेक हाये."

सुदर्शनचा चेहरा पांढराफटक पडला. त्यानं कागद बाजूला सारला, तिला गाडीवर बसवलं आणि अवसरीची वाट धरली. शेतात आल्यावर लिंब ओलांडून तो थेट रस्त्याकडेच्या बांधापाशी गेला आणि मटकन खाली बसला.

"हितं हाये, अक्का. लिंबाखाली न्हाई. आबांनी खड्डा घेतला, मी तिला उचलून आणली व्हती. कुणाला सांगायचं न्हाई म्हणून आबांनी शपथ घातली. तू लिंबाला पाणी घालायचीस ते मी दर साली बघायचो... आन् तू सासरी गेलीस की हितं घालायचो."

वैजयंती बांधावर कोसळलीच! किती वर्षं लेक दहा पावलांवर होती आणि आईची माया भलत्याच मातीत मुरत होती... पुष्कळ वेळानं तिनं डोळे पुसले. जागा कळली, एवढंच पुष्कळ झालं, असं म्हणून ती भावाला व्यवहार पुरा कर म्हणाली. रस्त्याचा बांध वगळला तर गिऱ्हाईक फिरणार, हे तिलाही कळत होतं.

"न्हाई, अक्का," तो म्हणाला. "जमीन इकली की माझंबी इसरून व्हईल, असं वाटलं व्हतं मला. गॅरेज काय, भाड्याच्या जागंतबी चालंल."

आणि तिच्यासमोरच त्यानं गिऱ्हाइकाला फोन करून व्यवहार मोडला.

ती मातीवरून हात फिरवत राहिली. लेक झाली त्या दिवशी ती तापानं बेशुद्ध होती. शुद्धीवर आली तेव्हा कूस रिकामी होती. लेकीचं तोंडसुद्धा तिनं पाहिलं नव्हतं, आणि ज्यांनी पाहिलं त्यांतला आता हा एकटाच उरला होता.

"दिसायला कशी व्हती रं, सुदा?"

त्यानं तिच्या चेहऱ्याकडं पाहिलं.

"काळंभोर जावळ व्हतं, अक्का. आन् हनुवटीला खळी... तुझ्यावानी."

वैजयंतीचा हात आपसूक स्वतःच्या हनुवटीकडे गेला, आणि कितीतरी वेळ तिनं तो काढलाच नाही.