बिरुदेवच्या रक्तातले शेंदरी दाणे

ऋतुजानं बिरुदेवला पहिल्यांदा नीट पाहिलं, तेव्हा तिच्या हातात सुई होती आणि त्याचा हात तिच्यासमोर टेबलावर पसरलेला… लॅबचं शिक्षण घेणाऱ्या पोरापोरींनी एकमेकांचं रक्त काढूनच हात बसवायचा, ही तिथली रीत. गुरुबसप्पा सरांनी जोड्यांसाठी चिठ्ठ्या टाकल्या आणि वैरागच्या ऋतुजाच्या वाट्याला अक्कलकोटकडचा हा उंच, सावळा धनगराचा पोरगा आला.

“सुई हातात धरून काय बघताय?” बिरुदेव म्हणाला.

“पहिलीच वेळ हाय.”

“माजीबी. टोचा की! मी काय मेंढरू न्हाय, बें बें करायला.”

ती खुदकन हसली, अन् हसता हसताच सुई नेमकी शिरेत गेली. नळीत रक्त चढू लागलं. कौतुकाच्या आशेनं तिनं वर पाहिलं… तर बिरुदेवसाहेबांनी झटक्यात तोंड फिरवलेलं!

मग हे रोजचंच झालं. ती शेजारी येऊन बसली की याचं तोंड खिडकीकडे, नाकावर रुमाल. आणि तिची पंचाईत अशी, की तिला तो फार आवडायला लागला होता. काचपट्टीवर रक्ताचा थेंब ठेवून दुसऱ्या काचेनं तो एकदाच असा हात फिरवी, की पातळ, एकसारखा थर पसरलाच पाहिजे. बाकीच्यांच्या पट्ट्या म्हणजे फसलेलं धिरडं. वर एवढं करून मिरवणं नाही. कुणाचं चुकलं, तर हळूच आपली पट्टी पुढे सरकवायचा. अशा माणसानं आपल्याकडे एकदा तरी धड बघावं, एवढंच तिला हवं होतं.

परीक्षेच्या जोड्या कायम करायचा दिवस आला, तशी ती सकाळीच सरांकडे गेली.

“सर, मला दुसरा जोडीदार द्या.”

सरांनी चष्म्यावरून पाहिलं. “भांडण?”

“नाही. पण… द्या.”

“आजचं काम होऊ दे. मग बघतो.”

आजचं काम म्हणजे जोडीदाराच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजायच्या. शरीराची राखण करणाऱ्या त्या पेशींचे प्रकार ओळखायचे, कुठल्या किती ते सांगायचं. ऋतुजानं मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि चक्रावली. शेंदरी दाण्यांनी भरलेल्या इओसिनोफिल पेशी जिकडे तिकडे! शंभरात चौदा; एरवी फार तर चार-पाच.

“शक्य नाही,” सर म्हणाले. “पट्टीला रंग जास्त चढलाय. साध्या पेशींना इओसिनोफिल म्हणतेयस तू. दरवर्षी कुणीतरी हेच करतं.”

“सर, मी दोनदा मोजलंय. तुम्हीच बघा की.”

सर वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले. “शाब्बास गं! बरोबर आहे तुझं. या पेशी ॲलर्जीनं अशा वाढतात. काय रे बिरुदेव, कशाची ॲलर्जी आहे तुला?”

बिरुदेव बुटांकडे बघत म्हणाला, “सुताच्या धुळीची, सर. टॉवेलाच्या.”

ऋतुजाचा हात आपसूक वेणीकडे गेला. ती मामाकडे राहायची. मामाच्या घरात खाली टॉवेलाचे माग. रोज सकाळी टॉवेलांच्या घड्या घालूनच ती निघे, आणि कितीही झटकलं तरी केसांत, ओढणीत सुताचे बारीक तंतू राहतच. सगळा वर्ग तिच्याकडे बघून हसायला लागला.

सर दुसऱ्या टेबलाकडे वळताच तिनं त्याला गाठलं.

“म्हणून तोंड फिरवत होता व्हय?”

“मग काय तुमच्या अंगावर शिंकू?”

“आणि मी मेली रोज जीव जाळत बसले! सांगायचं न्हाय का?”

“सांगितलं असतं तर सरांनी जोडी बदलली असती की.”

“शिंका तरी थांबल्या असत्या!”

“त्या थांबल्या असत्या. पण…” तो अडखळला. कानाच्या पाळ्या लालबुंद. “लोकरीत वाढलो मी, कदी शिंकलो न्हाय. घरी अव्वा म्हणती, औषध घे लेका. मी घेतच न्हाय. पाठमोरा असलो तरी शिंक आली की कळतंय… तुमी आला.”

ऋतुजानं ओढणीवरचा एक तंतू उचलून बोटांत धरला. इतकं गोड आजवर तिला कुणी काही म्हटलं नव्हतं. आणि नेमक्या त्याच क्षणी सरांचा आवाज आला, “ऋतुजा, तुला जोडीदार बदलून हवा होता ना? पलीकडच्या टेबलावरच्या सिद्धूबरोबर देऊ?”

बिरुदेवचा चेहरा खर्रकन उतरला. या खेपेला मात्र त्यानं तोंड फिरवलं नाही. तो तिच्याकडे बघतच राहिला.

“नको, सर!” ती जवळजवळ ओरडलीच. “आहे तीच जोडी राहू द्या. मी… मी उद्यापासून न्हाऊन, धुतलेले कपडे घालून येईन.”

वर्गात हशा पिकला. सर मिशीतल्या मिशीत हसत पुढे गेले.

बिरुदेव काचपट्टी पुसत हळूच म्हणाला, “मग मला कळायचं कसं, तुमी आला ते?”

“हाक मारीन की,” ऋतुजा म्हणाली. “नावानं.”