चौदा जणांचं कौतुक

सोमवारी सकाळी सव्वाआठला योर्लेनी केसादाचं दुकान नकाशावरून नाहीसं झालं.

दुकान जागेवरच होतं म्हणा! शटर वर, दारात निळ्या शर्टांची रांग, आत इस्त्रीचा वास. पण फोनवर ‘शाळेचा गणवेश, नारान्हो’ असं शोधलं की गेले दोन महिने पहिलं नाव योर्लेनीचं यायचं. आता पहिलं नाव होतं पार्कसमोरच्या दोन्या सिनियाच्या, म्हणजे सिनियाबाईंच्या, भल्यामोठ्या दुकानाचं. दुसरं एका मोटार गॅरेजचं, का ते देवच जाणे. योर्लेनीचं कुठेच नाही.

“फिओरेला!” मावशी ओरडली. “काय केलंस तू?”

सोळा वर्षांची फिओरेला कॉलेहिओच्या, म्हणजे हायस्कूलच्या, सुट्टीत मावशीच्या दुकानात बसायची. दुकानाची वेबसाइट तिची. सहा शाळांच्या गणवेशांची सहा वेगळी पानं तिची. सगळीकडे पत्ता एकसारखा लिहायचा हा हट्टही तिचाच. गावात दुकानाचा पत्ता सांगताना कुणी ‘जुन्या बर्फाच्या कारखान्यापासून शंभर मीटर दक्षिणेला’ म्हणतं, कुणी ‘पेट्रोल पंपापासून पन्नास मीटर’. कारखाना तर कधीच पाडलेला! फिओरेलाने सगळीकडे पंप केला, नोव्हेंबरभर खऱ्या गिऱ्हाइकांच्या मागे लागून एकोणीस रिव्ह्यू मिळवले, प्रत्येकाला उत्तर दिलं, आणि नाव वर चढवलं.

आता पडद्यावर चार ओळी होत्या. नोंद स्थगित. कारण, संशयास्पद रिव्ह्यू. सात दिवसांत एकदाच दाद मागता येईल, ते रिव्ह्यू कुणी लिहिले हे खरं सांगावं लागेल. खोटं आढळल्यास नोंद कायमची बंद.

शाळा उघडायला तीन आठवडे उरले होते. गणवेशाचं दुकान वर्षभर जगतं ते याच तीन आठवड्यांवर.

“एका दिवसात चौदा रिव्ह्यू आलेत,” फिओरेला पुटपुटली. “शनिवारी. सगळे पाच ताऱ्यांचे.”

“कुणी लिहिले?”

“मला काय माहीत!”

“तुलाच माहीत असणार. रिव्ह्यू विकणाऱ्या त्या फाब्रिसिओकडून विकत आणलेस का?”

“मावशी! मी?”

योर्लेनीने हात पुढे केला. “दुकानाची किल्ली दे.”

मशीनवर वाकलेल्या दोन्या ओदिलीने मान वर केली नाही. एकतीस वर्षं ती या दुकानात काज करत होती, तुरपाई करत होती. शाळांची चिन्हंही तीच हाताने भरायची, डिसेंबरात भरतकामाचं मशीन आलं तोपर्यंत. “पोरीला रडवू नकोस,” ती एवढंच म्हणाली आणि दाताने दोरा तोडला.

फिओरेला रडली नाही. दात ओठ खात घरी गेली आणि चौदाच्या चौदा रिव्ह्यू वहीत उतरवून काढले.

नावं बघून तिला हसूच आलं. ‘फुटबॉलवेडा केविन १०’. ‘राजकन्या सोफी’. ‘वाघोबा ०७’. आणि लिहिलंय काय? ‘काजं बघावीत तर इथलीच. टाके मोजून घ्या, एक कमी नाही.’ ही राजकन्या सोफी! वाघोबा म्हणतात, ‘स्कर्ट उलटा करून बघा. तुरपाई बाहेरून दिसतच नाही.’ आणि केविन म्हणतो, ‘बर्फाच्या कारखान्यापासून शंभर मीटर दक्षिणेला जा, चिन्ह हाताने भरलेलं मागा.’

वेळाही तिने उतरवल्या. चार बावन्न ते पाच दहा, सहा रिव्ह्यू. मग काहीच नाही. मग पाच पंचावन्न ते सहा वीस, आठ रिव्ह्यू.

मधली पंचेचाळीस मिनिटं तिने लाल पेनाने चौकटीत टाकली. का, ते तिलाही अजून ठाऊक नव्हतं.

फाब्रिसिओ तिला बसस्टँडजवळ कॉफी पिताना सापडला. दुकानं नकाशावर ‘आठ दिवसांत पहिल्या नंबरवर’ आणून देण्याचा धंदा करणारा माणूस. ऑक्टोबरात योर्लेनीने त्याला दारातूनच परत पाठवला होता.

“सूड घेतलास?” फिओरेला समोर बसली.

“बस ना, विचारायचं तरी! कॉफी घेणार?”

“उत्तर घेणार.”

त्याने वही ओढून घेतली. दोन पानं वाचली आणि खो खो हसला. “हे माझं काम नाही गं बाई. माझ्या हाताखालचे लोक कुठल्या कुठल्या देशात बसून लिहितात. ‘उत्तम सेवा’, ‘धन्यवाद’, ‘नक्की या’. त्यांना काज म्हणजे काय ते तरी कळेल का? आणि हा बर्फाचा कारखाना कुठला?”

“जुना. पाडला तो.”

“कधी?”

“माझ्या जन्माआधी.”

“मग आपल्या दोघांच्याही डोक्यात तो येणार नाही.” त्याने कप खाली ठेवला. “आणि ऐक, फुकट सांगतो. हे विष आहे. नाव खाली पाडायचं तर वाईट लिहीत नाहीत, शहाणे लोक भरमसाट चांगलं लिहितात. एकाच ठिकाणाहून, एकाच वेळी. नकाशावाले कुत्रे त्यावरच भुंकतात.”

हे फिओरेलाला माहीत होतं. तिने स्वतःच डिसेंबरात दुकानात सगळ्यांना बजावलं होतं, की रिव्ह्यू एकेक करून येऊ द्या, एका घरातून ढिगाने आले तर आपण गेलोच. त्या दिवशी सगळे नव्या मशीनभोवती जमले होते. दोन्या ओदिली तर म्हणालीही होती, “मला बाई तुझ्या फोनांतलं ओ की ठो कळत नाही.”

फिओरेला पार्कसमोरच्या दुकानात शिरताच दोन्या सिनियाने तिला गल्ल्यामागूनच हटकलं. “काय गं, हेरगिरी? मावशीने पाठवलं?”

“मावशीने हाकललं.”

“अरेरे! शाबास तिची.”

“तुमचा फायदा झाला ना यात?”

“झाला की! नाही कशाला म्हणू? पण मी योर्लेनीची स्तुती लिहू? एवढी वाईट वेळ नाही आली माझ्यावर.” मग तिने वहीत डोकावलं आणि तिचा आवाज उतरला. “माझ्याकडे कुणी स्कर्ट उलटा करून बघत नाही, पोरी. आया किंमत बघतात आणि पोटावर लावून माप बघतात. आतली शिवण बघणारं गिऱ्हाईक मी तीस वर्षांत पाहिलेलं नाही.”

फिओरेला दारातच थांबली. वहीच्या कडेला तिने लिहिलं, ‘आतून कोण बघतं?’

बुधवारी आईने तिला ओढत शेजारच्या घरी नेलं. जानेवारीत नारान्होतल्या घरोघरी बाळ येशूपुढे जपमाळ असते, चुकवायची सोय नाही. फिओरेला मागच्या खुर्चीवर, केळीच्या पानात उकडलेल्या मक्याच्या तमालच्या वासाकडे लक्ष ठेवून बसली. पुढे म्हातारे डॉन मेलिको जप सांगत होते, बाकीचे ‘आमच्यासाठी विनंती कर’ म्हणत होते. म्हणताम्हणता अर्ध्या बायका शालीआड, पर्सआड फोनवर बोटं चालवत होत्या. एक तर नातवाशी भांडतही होती, लिहून! जप संपला. फिओरेलाने घड्याळ पाहिलं.

पंचेचाळीस मिनिटं.

हातातला तमाल तसाच राहिला. ती तडक उठली आणि आईला म्हणाली, “गेल्या शनिवारी जप कुणाकडे होता?”

“दोन्या एलिएथकडे. का गं?”

शुक्रवारी दुपारी योर्लेनीच्या दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. गिऱ्हाईक नव्हतंच, त्यामुळे कुणाची गैरसोय झाली नाही. मावशी कटिंगच्या टेबलाला टेकून उभी होती. दोन्या ओदिली खिडकीशी, मांडीवर स्कर्ट. आणि स्टुलावर पर्स घट्ट धरून दोन्या एलिएथ, फिओरेलाने बळेच आणलेली.

“बोल,” मावशी म्हणाली. “दाद मागायला दोन दिवस उरलेत.”

“हे रिव्ह्यू विकत घेतलेले नाहीत,” फिओरेला म्हणाली. “बाहेरचा माणूस बर्फाचा कारखाना लिहिणार नाही. मीही लिहिणार नाही, मी तो पाहिलेलाच नाही. लिहिणारं माणूस इथलं आहे आणि वयाने मोठं आहे.”

“केविन आणि वाघोबा वयाने मोठे?”

“दोन्या एलिएथ, तुमचा फोन दाखवा ना.”

एलिएथने फोन काढला. त्यावर वाघाचं चित्र होतं. “नातवाचा जुना आहे,” ती ओशाळून म्हणाली. “त्याने नवा घेतला. नाव काढायचं कसं ते मला येत नाही.”

“गावातल्या सगळ्या आज्यांचे फोन असेच आहेत. म्हणून नावं खोटी दिसतात. माणसं खरी आहेत.”

“दोन्या एलिएथ, तुम्ही लिहिलंत हे?” मावशीने विचारलं.

“मी फक्त फोन दिला. माझ्या घरी जप होता, सगळ्यांनीच दिले. लिहिणारीला लिहिता येतं, आम्हाला कुठे?”

“कुणी लिहिलं?”

एलिएथ पर्सकडे बघत राहिली.

“त्या सांगणार नाहीत, मैत्रीण आहे,” फिओरेला म्हणाली. घरून निघताना तिला नाचावंसं वाटत होतं, आता मुळीच वाटत नव्हतं. “पण वेळ सांगते. जपाआधी सहा रिव्ह्यू. जपानंतर आठ. मधली पंचेचाळीस मिनिटं एकही नाही. मावशी, जपात सगळे फोन चालवतात. उत्तरच तर द्यायचं असतं, तोंड आपोआप चालतं. त्या पंचेचाळीस मिनिटांत ज्याला फोनला हात लावताच येत नाही असं खोलीत एकच माणूस असतं.”

योर्लेनी सावकाश खिडकीकडे वळली.

“जप सांगणारं,” ती म्हणाली.

शनिवारी दोन्या ओदिली चारलाच निघाली होती. जानेवारीत ती दर शनिवारी निघते. एलिएथच्या आळीत जप सांगायला दुसरं कुणी नाही.

ओदिलीची सुई थांबली नाही. “मदतच केली,” ती म्हणाली. “चांगलं लिहिलं. वाईट लिहिलं का?”

“मलाही तसंच वाटलं होतं,” फिओरेला म्हणाली. “वाटावं अशी फार इच्छा होती. दोन्या एलिएथ, तुम्ही मला काल काय सांगितलंत?”

एलिएथ अगदी हळू बोलली. “मी म्हटलं, मी उद्या लिहीन, मुलीकडे जाऊन. ओदिली म्हणाली, उद्या नको. सगळे आजच गेले पाहिजेत, याच घरातून. एकेक करून उपयोग नाही.”



“हे मी डिसेंबरात इथेच सांगितलं होतं,” फिओरेला म्हणाली. “करू नका म्हणून. तुम्ही शब्दन् शब्द ऐकलात, दोन्या ओदिली, आणि नेमकं तेच केलंत.”

“का?” योर्लेनीने विचारलं. “एकतीस वर्षं, ओदिली! माझ्या आईच्या वेळेपासून. मी तुमचं काय वाकडं केलं?”

आता ओदिलीने स्कर्ट बाजूला ठेवला.

“काही नाही. तू काहीच केलं नाहीस, तेच तर. पोरीने नाव वर नेलं, गिऱ्हाईक वाढलं, तू ते मशीन आणलंस. सहा मिनिटांत एक चिन्ह. मला दोन तास लागायचे. त्या दिवशी तू म्हणालीस, ‘ओदिली, आता तुम्ही सुटलात.’ हसून म्हणालीस. पुढच्या वर्षी काजाचंही मशीन आणणार होतीस, कॅटलॉग टेबलावरच होता. गिऱ्हाईक आटलं असतं तर आणलं नसतंस.”

“दुकानच बंद पडलं असतं!”

“पडलं असतं तर दोघी मिळून घरी बसलो असतो. मी एकटीच का?”

योर्लेनीचा चेहरा दगडासारखा झाला. “आणि लिहायचंच होतं तर ‘छान दुकान’ लिहून मोकळ्या व्हायचंत. काजं, तुरपाई, हे सगळं कशाला?”

“चौदा जागा होत्या,” ओदिली म्हणाली. “मनात होतं ते लिहिलं. एकतीस वर्षांत दुसऱ्या कुणी म्हटलं नाही, म्हणून मीच म्हटलं.”

फिओरेलाने वही मिटली. दोन्या सिनियाच्या दारात लिहिलेला प्रश्न तिला सुटला होता, आतून बघते ती शिवणारीच, आणि सुटला नसता तर बरं झालं असतं. चौदांपैकी एकाही रिव्ह्यूत योर्लेनीचं नाव नव्हतं.

“अर्ज उघड,” मावशी म्हणाली.

फिओरेलाने लॅपटॉप उघडला. पहिल्या रकान्यात लिहिलं, रिव्ह्यू आमच्याच कामगार बाईने, चौदा शेजारणींच्या फोनवरून लिहिले. दुसऱ्या रकान्यात प्रश्न होता. या रिव्ह्यूंमध्ये लिहिलेलं खरं आहे का? खाली दोन चौकोन. हो. नाही.

‘हो’ वर टिचकी मारली की दुकानच या रिव्ह्यूंच्या पाठीशी आहे असं धरून दाद फेटाळणार, हे खाली बारीक अक्षरांत लिहिलेलंच होतं.

ओदिली उठून टेबलाशी आली. तिने हँगरवरचा एक निळा शर्ट काढला, उलटा केला आणि काजाची पट्टी योर्लेनीच्या पुढ्यात ठेवली. “बघ आधी,” ती म्हणाली. “मग सांग पोरीला.”

योर्लेनीने पाहिलं. बराच वेळ पाहिलं. तिचं बोट एका काजावरून फिरलं, मग दुसऱ्यावरून. एकही टाका कमी नव्हता.

“मावशी?” फिओरेलाने विचारलं.

“नाही,” योर्लेनी म्हणाली. “‘नाही’ वर मार.”

फिओरेलाने मारली.